यंत्राचा तास, माणसाचा तास: डेव्हलपरचं मशीन कोण ठरवतं?

ज्यांनी हा भाग हेडफोनवर ऐकलाय त्यांना माहीत आहे, मधेच पाऊस इतका जोरात आला की रेकॉर्डिंगचा एक तुकडा वायाच गेला. तो मी इथे लिहून भरून काढलाय. त्यामुळे हे लेखी रूप बोलण्यापेक्षा जरा लांब झालंय, सांभाळून घ्या.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. सांगली जिल्ह्यातून एका ताईने पाठवली होती. वय सांगितलं तेवीस. कोर्स झालाय, नोकरीची वाट बघत न बसता तिने एक काम घेतलंय: द्राक्षबागायतदारांसाठी अँड्रॉइड ॲप. कुठल्या दिवशी कुठली फवारणी केली, माल कुणाला दिला, पैसे किती आले, किती राहिले, याची नोंद. आता मशीन घ्यायचंय. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार आहेत. समोर दोन लॅपटॉप आहेत, एकात ८ जीबी रॅम आणि दुसऱ्यात १६, आणि दोघांच्या किमतीत जो फरक आहे तो त्यांच्या घरी दोन महिन्यांचा किराणा आहे. तिचं शेवटचं वाक्य होतं, "दादा, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, तुम्ही काय ते सांगा."

आता आपला कार्यक्रम इतिहासाचा. लॅपटॉपचे रिव्ह्यू मी करत नाही आणि करणारही नाही. पण नोट दोनदा ऐकल्यावर वाटलं, अरे, हा प्रश्न तर साठ वर्षं जुना आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात कोणतं यंत्र द्यायचं, ते कुणी ठरवायचं, आणि तो यंत्राची वाट बघत बसला तर त्या वेळेचं भाडं कोण भरतं? तर आज ते.

चला मुंबईला, कुलाब्याला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आपल्याच लोकांनी बांधलेला एक संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबात बरोबर १० किलोबाइट. तुम्ही सकाळी आत्याला पाठवता तो गुड मॉर्निंगचा फोटो त्यात मावणार नाही. मग १९६४ मध्ये तिथे अमेरिकेहून सीडीसी ३६०० नावाचं मोठं यंत्र आलं आणि देशभरातल्या संस्था आपापली गणितं सोडवायला तिथे पाठवू लागल्या.

त्या काळात प्रोग्रॅमरचं स्वतःचं असं यंत्रच नव्हतं, हे आधी लक्षात घ्या. तुम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहायचा. तो पंचकार्डांवर टोचला जायचा, एका कार्डावर एक ओळ, ८० अक्षरं. कार्डांचा गठ्ठा रबरबँड लावून खिडकीत द्यायचा. आत यंत्र, बाहेर तुम्ही. आपला नंबर लागला की गठ्ठा चालायचा आणि छापील कागद परत मिळायचा, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला असेल तर कागदावर फक्त चूक छापून यायची. ती दुरुस्त करा, पुन्हा रांगेत. म्हणून लोक गठ्ठा द्यायच्या आधी पेन्सिल घेऊन बसायचे आणि आपणच यंत्र असल्यासारखं ओळीमागून ओळ कागदावर चालवून बघायचे. (८० अक्षरांची ती सवय अजून गेलेली नाही बरं का. पायथनच्या अधिकृत शैलीत ओळ ७९ अक्षरांची ठेवा म्हणतात, त्याचं मूळ त्या कार्डात आहे.)

ही मांडणी वेडेपणाची नव्हती. यंत्राचा एक तास माणसाच्या एका तासापेक्षा कितीतरी महाग होता. यंत्र एक मिनिट रिकामं बसलं तर नुकसान मोठं, माणूस दिवसभर बसला तरी फारसं बिघडत नाही. सगळी व्यवस्था या एका हिशेबावर उभी होती. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो उलटणार आहे. पण सगळीकडे एकाच वेळी नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आपल्याकडे तर यंत्र महाग असण्यावर आणखी एक थर होता. आयात. परकीय चलन तुटपुंजं, परवाना दिल्लीहून, आणि संगणकावरची जकात शंभर टक्क्यांच्याही वर. आयबीएम इथे होती, पण तिची १४०१ मालिकेची यंत्रं बाहेर जुनी झाल्यावर डागडुजी करून इथे भाड्याने दिली जायची. त्यावरून संसदेपर्यंत वाद गेला, आणि अखेर १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. म्हणजे मॉडेल कोणतं घ्यायचं हा प्रश्न इथे फार थोड्यांच्या वाट्याला यायचा. बाकीच्यांना मिळेल ते.

अशा वातावरणात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस. १९६८ ची कंपनी, मुंबईची. प्रमुख फकीर चंद कोहली, मूळचे टाटांच्याच वीज कंपनीतले इंजिनिअर. आणि आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वात आवडती.

सरकारची एक योजना होती: सॉफ्टवेअर निर्यात करणार असाल तर संगणक आयात करू देऊ, पण निर्यातीचं वचन द्या. टीसीएसने १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचं यंत्र आणायचं ठरवलं. अट अशी की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट रकमेचं सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करायचं. जरा थांबून विचार करा. लॅपटॉपच्या दुकानात तुम्हाला कुणी सांगितलं की साहेब, घ्या, पण पाच वर्षांत याच्या दुप्पट डॉलर कमवून दाखवा, नाहीतर बघून घेऊ. तुम्ही घ्याल?

त्यांनी घेतलं. आणि काम काय मिळालं? बरोजचीच एक प्रणाली होती, रुग्णालयांच्या कामकाजासाठी, कोबोल भाषेत लिहिलेली. ती बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी होती, आता लहान यंत्रांवर न्यायची होती. दोन्हीकडे कोबोलच, पण बोली वेगळी. कोल्हापूरची मराठी आणि नागपूरची मराठी म्हणा हवं तर. गंमत अशी की हे काम करताना बरोजचं यंत्र हाताशी नव्हतं. हाताशी काय होतं, तर ब्रिटिश आयसीएल कंपनीचं १९०३, ज्याचा बरोजशी काडीचा संबंध नाही.

मग त्यांनी जे केलं ते बघा. हजारो ओळी हातानं बदलण्याऐवजी त्यांनी एक गाळणी लिहिली. त्यांचा शब्दच तो होता, फिल्टर. एका बोलीतला कोबोल प्रोग्रॅम आत टाकायचा, दुसऱ्या बोलीतला बाहेर काढायचा. आयसीएलला बरोजचा प्रोग्रॅम चालवता येत नव्हता, पण वाचता तर येत होता! त्याच्या दृष्टीने तो नुसता मजकूर. मुंबईत बसून, भलत्याच यंत्रावर, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काम. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीची पहिली ओळ बरेच जण इथून सुरू करतात.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात या दोन यंत्रांना दोन नावं दिली. ज्यावर सॉफ्टवेअर अखेर चालायचंय ते लक्ष्य-यंत्र. ज्यावर बसून तुम्ही ते घडवता ते वाहन-यंत्र. इंग्रजीत टार्गेट आणि व्हेइकल. मला हे नामकरण फार पटतं. डेव्हलपर जो लॅपटॉप निवडतो ते वाहन. गाव वेगळं असतं.

त्याच वर्षी अमेरिकेत दोन पोरांनी नेमकं हेच केलं. बिल गेट्स आणि पॉल ॲलन. अल्टेअर नावाचा छोटा संगणक बाजारात आला होता, त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहून देतो म्हणून त्यांनी कंपनीला कळवलं. अल्टेअर त्यांनी डोळ्यानेही पाहिला नव्हता. हार्वर्ड विद्यापीठात पीडीपी-१० होतं. ॲलनने त्यावर अल्टेअरच्या चिपचं सोंग आणणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्या सोंगावर त्यांनी बेसिक चालवून पाहिली. ॲलन विमानाने अल्बुकर्कीला गेला, खऱ्या यंत्रावर टेप घातली, आणि ती चालली. आपली सांगलीची ताई अँड्रॉइड स्टुडिओमध्ये इम्युलेटर उघडते ना, स्क्रीनवर खोटा फोन? ते याच घराण्यातलं.

आता हिशेब उलटतो ती जागा. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची प्रयोगशाळा होती. तिथल्या संशोधकांना १९७० च्या सुरुवातीला पीडीपी-१० हवं होतं, कारण त्यांच्या क्षेत्रातले सगळे तेच वापरत होते. पण झेरॉक्सने नुकतीच एक संगणक कंपनी विकत घेतली होती. दुसऱ्याचं यंत्र घेणं म्हणजे घरच्या दुकानाला कुलूप असताना शेजाऱ्याकडून उधारीवर माल आणण्यासारखं. वरून उत्तर आलं, आपलंच यंत्र वापरा. ज्यांना कधी ऑफिसात असा ईमेल आलाय त्यांनी हात वर करा. पार्कच्या लोकांनी काय करावं? त्यांनी पीडीपी-१० सारखंच चालणारं यंत्र स्वतः बांधलं. नाव ठेवलं मॅक्स.

आणि मग १९७३ मध्ये त्यांनी आल्टो बांधला. एका माणसाला एक संगणक. मेमरी १२८ किलोबाइट, आणि त्यातली जवळपास निम्मी नुसत्या स्क्रीनवरचं चित्र धरून ठेवण्यात जायची. ६०६ बाय ८०८ ठिपके. जुन्या हिशेबाने हा शुद्ध उधळेपणा. अर्धं यंत्र माणसाच्या डोळ्यांसाठी! आणि माणूस घरी गेला की ते रात्रभर रिकामं पडून राहणार. पण पार्कच्या लोकांनी पैज लावली होती की यंत्रं स्वस्त होत जाणार आणि माणसं महाग, तेव्हा आजच उद्याच्या भावाने विचार करा.

या पैजेचा हिशेब आकड्यांत मांडला आयबीएमच्या दोन माणसांनी, वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद ठडानी. १९८२ चा लेख. तोवर लोक टर्मिनलसमोर बसून काम करू लागले होते, आज्ञा टाइप करायची आणि उत्तराची वाट बघायची. त्यांनी पाहिलं की उत्तर यायला तीन सेकंद लागत असतील तर प्रोग्रॅमर तासाला साधारण १८० आज्ञा देतो. तेच उत्तर ०.३ सेकंदात आलं तर ३७१.

इथे जरा वही-पेन घ्या. १८० म्हणजे एका आज्ञेला २० सेकंद. त्यातली ३ यंत्राची, १७ माणसाची. ३७१ म्हणजे एका आज्ञेला जेमतेम १० सेकंद. यंत्राने वाचवले २.७ सेकंद, पण वाचले जवळपास १०. उरलेले सात कुठून आले? माणसाकडून. यंत्र रेंगाळलं की माणूसही रेंगाळतो. डोक्यात पुढच्या चार पायऱ्या धरून ठेवलेल्या असतात, तीन सेकंदांत त्यातली एखादी सांडते, मग ती पुन्हा गोळा करायची. तीन सेकंदांत हे होतं. आपल्या बिल्डला तर तीन मिनिटं लागतात, आणि त्या तीन मिनिटांत आपण इन्स्टाग्राम उघडतो. परत येतो ते पंधरा मिनिटांनी.

तर अमेरिकेत १९८२ मध्ये कंपन्या असा सेकंदांचा हिशेब करत होत्या. आणि नेमकं तेव्हा आपल्याकडे?

जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस नोंदवली गेली. सात संस्थापक, दहा हजार रुपयांचं भांडवल, ते सुधा मूर्तींनी दिलेलं, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. कमी ऐकलेली गोष्ट म्हणजे या सॉफ्टवेअर कंपनीकडे संगणकच नव्हता. नारायण मूर्तींनी हे अनेकदा सांगितलंय: टेलिफोनला एक वर्ष, आणि संगणक आयात करायच्या परवानगीला काही वर्षं, दिल्लीच्या खेपांवर खेपा. सगळे मिळून परवान्याची वाट बघत बसले असते तर कंपनी तिथेच संपली असती. मग काम कसं केलं? संस्थापकांतले बहुतेक जण अमेरिकेला गेले आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर बसून काम केलं.

हे वाक्य मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा म्हटलं होतं, इथेही थांबतो. यंत्र माणसापर्यंत येऊ शकत नव्हतं, म्हणून माणूस यंत्रापर्यंत नेला. विमानाचं तिकीट संगणकाच्या जकातीपेक्षा स्वस्त पडत होतं! पुढे ज्याला बॉडी शॉपिंग असं कुजकं नाव पडलं, ती पद्धत नुसती स्वस्त मजुरीतून आली नाही. हार्डवेअरच्या टंचाईचा तीत मोठा हात होता. न्यू जर्सीत आज गणपती बसतो, मराठी शाळा भरते, नाटकांचे दौरे होतात. त्या गर्दीतल्या जुन्या पिढीच्या काही लोकांचं तिथे असणं, मागे जाऊन पाहिलं तर, न मिळालेल्या एका यंत्रापाशी जाऊन थांबतं. माझा एक मामा त्यातलाच. आजी गेली तेव्हा तो तिकडे कुणाच्यातरी मेनफ्रेमसमोर बसला होता. तो स्वतः हे असं मांडत नाही. तो म्हणतो, काम तिकडे होतं.

इन्फोसिसला पुढे यंत्र मिळालं, डेटा जनरल कंपनीचं ३२ बिटी एमव्ही/८०००. १९८४ च्या शेवटी नवं संगणक धोरण आलं, जकात उतरली. पण पुरता हिशेब उलटायला आपल्याकडे अजून बराच काळ गेला, आणि खरं सांगू का, काही ऑफिसांत तो अजून उलटलेला नाही.

माझंच सांगतो. इतिहासाच्या नादी लागण्याआधी मी हिंजवडीत एका कंपनीत होतो, नाव महत्त्वाचं नाही. २०१६ साल. आम्हाला मशीन ४ जीबीचं, साधी फिरती हार्डडिस्क. बिल्डला अकरा मिनिटं. मी दोन आठवडे घड्याळ लावून वहीत लिहिलं. दिवसाला सरासरी सहा बिल्ड, म्हणजे ६६ मिनिटं. आमची टीम नऊ जणांची. रोज जवळपास दहा तास नऊ माणसं भिंतीकडे बघत बसतात, म्हणजे एका माणसाचा पगार नुसता वाट बघण्यावर जातो. छान तक्ता केला आणि वर पाठवला. उत्तर आलं की मशीन बदलायचं चक्र चार वर्षांचं आहे आणि ते आणखी दीड वर्षाने येईल. गिऱ्हाइकाला बिल तासांवर लागत होतं हे मला तेव्हा सुचलं नाही. आमची वाट बघणं तोट्यात नव्हतंच, ते विकलं जात होतं. तोटा आमचा होता, कारण घरी जायला रोज साडेआठ वाजायचे.

म्हणून मशीनची गोष्ट निघाली की मी आधी विचारतो, हा वेळ कुणाच्या खिशातून जातोय? सांगलीच्या ताईचं उत्तर सरळ आहे. तिच्याच.

आता स्वतःच्या खिशाने मशीन घेणाऱ्यांचा राजा. लिनस टोरवाल्ड्स. जानेवारी १९९१, हेलसिंकी, विद्यापीठातला विद्यार्थी. त्याने ३८६ चिपचा एक पीसी घेतला: ३३ मेगाहर्ट्झ, ४ एमबी रॅम, ४० एमबी डिस्क. आणि घेतला हप्त्यांवर! तीन वर्षांचे हप्ते. लिनक्स ज्यावर जन्मलं ते यंत्र ईएमआयवर होतं. पुढे लिनक्स वापरणाऱ्या लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून त्याचे राहिलेले हप्ते फेडले. आणि ३८६ च का? कारण त्या चिपमध्ये मेमरीची पानं हलवण्याची आणि एक काम बाजूला ठेवून दुसरं उचलण्याची सोय हार्डवेअरमध्येच होती, आणि नेमकं त्याच्याशीच त्याला खेळायचं होतं. जाहिरात बघून घेतलेलं मशीन नव्हतं ते, कामाने निवडलेलं होतं.

तोच माणूस मे २०२० मध्ये आपलं मशीन बदलतो आणि घोषणेत सहज सांगून जातो की पंधरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या डेस्कटॉपवर इंटेल नाही. एएमडीचं थ्रेडरिपर, ३२ कोअर. कारण? चाचणीसाठी तो जे अख्खं कर्नल बांधतो, ते आता तिप्पट वेगाने होतं. तीस वर्षांनीही निकष एकच, बिल्डची वाट.

पण चुकला तोही. त्या मशीनमध्ये त्याने साधी रॅम घातली. ईसीसी नावाची एक रॅम असते, जी आपली बारीक चूक स्वतः पकडते. ती त्या वेळी त्याला मिळाली नाही. पुढे २०२१ मध्ये ईसीसी सगळ्यांना मिळायला हवी म्हणून तो जाहीरपणे चिडलाही. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, नवीन आवृत्तीचं काम ऐन भरात असताना, त्याच मशीनची एक रॅमकांडी खराब झाली. बदली येईपर्यंत बिचारा लॅपटॉपवर बसून बिल्ड करत होता. जगातल्या सर्वात वापरल्या जाणाऱ्या कर्नलचा मालक, आणि अडला कशाला, तर रॅमला.

आणि वाहन भारी, लक्ष्य साधं, याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे डूम हा गेम, डिसेंबर १९९३. चालायचा घरोघरच्या डॉसवाल्या पीसीवर. लिहिला मात्र नेक्स्ट कंपनीच्या महागड्या यंत्रांवर, ज्यांचा पडदा मोठा आणि साधनं उत्तम. (टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला तोही नेक्स्टवरच. कंपनी फारशी चालली नाही, पण तिची यंत्रं ज्यांनी घेतली त्यांनी काय काय करून ठेवलं!)

तर ताई, तुझ्यासाठी.

रॅम १६. यात मी घोळ घालणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इम्युलेटर दोन्ही चालवायचे तर १६ लागते असं गूगलच सांगतं, आणि वर तुझा ब्राउझर आहेच. मात्र ती दुकानातच १६ असायला हवी असं नाही. ८ च्या मशीनमध्ये रिकामा स्लॉट आहे का ते विचार. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते, तिथे आज घेतली तेवढीच जन्मभर. स्लॉट असेल तर ८ वर सुरू कर, पहिलं बिल मिळालं की कांडी टाक. बाबांचं कर्ज तेवढं लहान.

डिस्क एसएसडीच, पण आता ते सांगायची गरज उरली नाही. प्रोसेसरच्या नावापुढचे आकडे बघून भुलू नकोस. एखादी पायरी खालचा चालेल, तो पैसा रॅममध्ये घाल. ग्राफिक्स कार्ड तुझ्या या कामाला नको. ऑफिसांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मिळतात ते वाईट नसतात, फक्त बॅटरी आणि कीबोर्ड स्वतः तपासून घे. आणि आल्टोचा धडा: जुना का होईना, एक मोठा मॉनिटर जोड. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला चालतं ॲप. डोळ्यांवर केलेला खर्च उधळेपणा नाही, हे १९७३ पासून सिद्ध झालंय.

यावरून तिचा पुढचा प्रश्न आला, की मग त्याच पैशात डेस्कटॉप का नाही, जास्त ताकद मिळेल. खरंय, मिळेल. मी म्हटलं घे की. हे मी पुण्यात बसून म्हटलं.

आणि एक. इम्युलेटर हे सोंग आहे, विसरू नकोस. तुझं लक्ष्य-यंत्र तो लॅपटॉप नाही, बागेत उन्हात धरलेला, काचेला तडा गेलेला, स्टोरेज भरत आलेला फोन आहे. ज्यांच्यासाठी ॲप करतेस त्यांच्यापैकी कुणाचातरी जुना फोन मागून आण आणि टेबलावर ठेव. रोज त्याच्यावर चालवून बघ. वाहन जितकं वेगवान घेशील तितकं लक्ष्य किती हळू आहे ते विसरायला होतं, हे आम्ही सगळे करून बसलोय.

तिला मी माझ्या हिंजवडीच्या वहीचंही सांगितलं होतं. सध्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम चालू आहे, तर आठवडाभर नुसतं लिहून ठेव, कशासाठी किती मिनिटं थांबलीस, मग पैसे मोज. गुरुवारी तिच्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आला. एका दिवसात ७४ मिनिटं. बिल्डसाठी २२, इम्युलेटर उघडायला ९, अपडेट उतरवायला ५. उरलेल्या ३८ मिनिटांपुढे तिने लिहिलं होतं, "लाईट गेली. लॅपटॉप चालू, वायफाय बंद, फोनच्या नेटवर बसले. दादा, डेस्कटॉपचं राहू द्या."